‘काका, कॅमेऱ्याला सबसिडी हाय काय?’

गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेलो होतो: शूटिंग, एडिटिंग, साउंड शिकायला सरकारचा पैसा आहे, पण आपल्या सीमाभागातली पोरं तो घेत नाहीत. त्या ओळीनं माझी झोप उडवली. महिनाभरात पत्रं आली, फोन आले, आणि परवा कपिलेश्वरच्या पुलाखाली एकानं गाडी आडवी घालून विचारलं, ‘काका, कॅमेऱ्याला सबसिडी हाय काय?’ त्याला रस्त्यात उभं राहून काय सांगणार? म्हणून या वेळचं सदर या एकाच विषयाला देतो.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख. बेळगावच्या शहापुरात माझं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. १९९१ साली जुनी पॅनासॉनिक एम-सेव्हन खांद्यावर घेतली तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगडपर्यंतच्या लग्नांत मी लोकांच्या डोळ्यांवर हॅलोजन मारला आहे. आता धंदा मुलगा बघतो आणि मी पोरांचे फॉर्म भरून देतो. फुकट. चहा मात्र घेतो.

नंदगडहून एक तरुण वाचक: मी बी. ए. झालोय. फोनवर शूट करून यूट्यूबला घालतो. जत्रा, भजन, पावसाळ्यातले धबधबे. एडिटिंग नीट शिकायचं आहे. खानापुरात एकजण म्हणतो, सरकारचं पन्नास हजारांचं अनुदान मिळवून देतो, आधी फाइलचे साडेतीन हजार भर. भरू काय?

भरू नकोस. आधीच भरले असशील तर परत माग. देणार नाही तो, पण माग.

आता हे का म्हणतो ते ऐक. प्रशिक्षणाचं अनुदान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खात्यावर पडलेले पन्नास हजार येतात. तसं ते चालत नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना घे. २०१५ साली ती सुरू झाली तेव्हा परीक्षा पास होणाऱ्या पोराला थेट बक्षिसाची रक्कम मिळायची. पुढच्या टप्प्यांत सरकार शिकवणाऱ्या केंद्राला पैसे देऊ लागलं, तेही हप्त्यानं: वर्ग सुरू झाला की काही, पोरं परीक्षा पास झाली की काही, नोकरी लागल्याचं दाखवलं की उरलेलं. तुला मिळतं ते फुकट शिक्षण आणि प्रमाणपत्र. म्हणजे या व्यवहारात गरज त्यांना तुझी आहे. तुझ्या नावाशिवाय, तुझ्या आधारशिवाय, तुझ्या बोटाच्या ठशाशिवाय केंद्राचं बिल निघत नाही. आणि तूच उलट साडेतीन हजार भरायला निघालास!

यातली दुसरी बाजूही सांगतो, कारण ती कुठल्या जाहिरातीत छापत नाहीत. केंद्राचं बिल हजेरीवर आणि परीक्षेवर निघतं, तू किती शिकलास यावर नव्हे. मी एका केंद्रात पाहुणा म्हणून गेलो होतो, नाव घेत नाही. पोरं तीस आणि चालू कॉम्प्युटर चार. टाइमलाइन म्हणजे काय ते फळ्यावर खडूनं काढून दाखवलं होतं. म्हणून नाव घालायच्या आधी एक दिवस नुसतं जाऊन बस. विचार: माझ्या वाट्याला मशीन रोज किती तास? हेडफोन आहेत का? शिकवणाऱ्यानं स्वतः काय कापलंय ते दाखवतो का? उत्तर देताना तो चिडला तर समज आणि उठून ये. केंद्र खरं आहे का हे स्किल इंडिया डिजिटल हबच्या साइटवर दिसतं. आपल्या क्षेत्राचे अभ्यासक्रम आणि परीक्षा मीडिया अँड एंटरटेनमेंट स्किल्स कौन्सिलच्या नावानं असतात, तेवढं नाव कागदावर बघ. कर्नाटक सरकारची वेगळी मुख्यमंत्री कौशल्य कर्नाटक योजना २०१७ पासून आहे. तिथंही शिकणाऱ्यानं फी भरायची नसते.

पण तुला मी पहिल्यांदा पाठवीन ते आर-सेटीला. हे नाव आपल्याकडे शिवणकाम आणि शेळीपालनापुरतंच माहीत, म्हणून एडिटिंगवाली पोरं तिकडं फिरकत नाहीत. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडून चालते. आणि ही कल्पना आपल्याच राज्यातली आहे बघ. १९८२ साली धर्मस्थळजवळ उजिरेला तिथला ट्रस्ट, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांनी मिळून पहिली संस्था काढली. तीच घडी पुढे केंद्र सरकारनं देशभर नेली. यांच्याकडे फोटोग्राफी-व्हिडिओग्राफीचा तीस दिवसांचा कोर्स असतो. राहणं, जेवण, शिकणं, सगळं फुकट. वय अठरा पुरं हवं, गाव ग्रामीण भागातलं हवं, बीपीएल कार्ड असेल तर आधी घेतात. कोर्स संपल्यावर दोन वर्षं ते पाठपुरावा करतात आणि बँकेच्या कर्जाला कागद जोडून देतात. एडिटिंग तिथं खोलात शिकवत नाहीत, हे खरं. पण एक्सपोजर, लाइट, गिऱ्हाइकाला दर कसा सांगायचा, हे तीस दिवसांत कळतं. शेवटची गोष्ट मला कळायला बारा वर्षं लागली.

एडिटिंग तोवर घरी कर. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती तुला पुढची दोन वर्षं पुरेल. चोरीचं सॉफ्टवेअर मित्राकडून आणू नकोस. त्याबरोबर व्हायरस येतो आणि जत्रेचं फुटेज जातं. अनुभवाचे बोल आहेत.

तसा मीही फसलेलोच आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका एजंटाला सबसिडीच्या कर्जाची फाइल करायला आठ हजार दिले. फाइल झाली, लाल फीत लावून, माझा फोटो चिकटवून. ती कुठल्याही ऑफिसात पोचली नाही. दोन वर्षांनी त्याच्याच खोलीत टेबलाचा पाय हलत होता, त्याखाली मला ती दिसली.

निपाणीहून एक आई: मी विड्या वळते. मालक गवंडीकामाला जातात. मुलीला पीयूसी सेकंड इयर सायन्सला, म्हणजे बारावीला, ७१ टक्के पडले. इंजिनिअरिंगला जा म्हटलं तर ऐकत नाही. सिनेमात आवाजाचं काम शिकायचं म्हणते. घरात सगळे हसतात. असलं काही शिक्षण असतं का, आणि आमच्यासारख्यांना त्याला मदत मिळते का?

ताई, तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा. या सदराला दहा पोरं लिहितात, दहाही जणांना कॅमेरामन व्हायचं असतं. आवाज मागणारी ही पहिली. आमच्या धंद्यात आवाजाकडे कोण बघतच नाही. लग्नाच्या कॅसेटवर चित्रात नवरी रडतेय आणि मागे जनरेटर धडधडतोय, असं मी स्वतः शेकड्यांनी करून दिलंय. त्यामुळे आवाजाचं काम नीट येणाऱ्याला काम शोधत हिंडावं लागत नाही. शूटिंगवर आवाज टिपणारा एक, लांब काठीवर माइक धरणारा एक, नंतर स्टुडिओत बसून संवाद साफ करणारा, पावलांचे आणि भांड्यांचे आवाज घालणारा, शेवटी सगळं एकत्र जमवणारा. इतकी माणसं लागतात. तिला हसणाऱ्यांना एवढं वाचून दाखवा.

आता कुठे शिकायचं. दोन दारं सांगतो.

पहिलं बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला. तिथं कर्नाटक सरकारची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट आहे. सिनेमॅटोग्राफी आणि साउंडचा डिप्लोमा हे तिचं जुनं काम. १९४३ मध्ये श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये हे वर्ग सुरू झाले, म्हणजे पुण्याची संस्था निघायच्या कितीतरी आधी. व्ही. के. मूर्ती तिथलेच विद्यार्थी, गुरुदत्त यांच्या चित्रपटांचे छायालेखक, २००८ सालचा फाळके पुरस्कार मिळालेले. गोविंद निहलानीही तिथूनच शिकून गेले. आपल्या माणसांना पुणे-मुंबई माहीत, पण आपण ज्या राज्याचा कर भरतो त्याच राज्यात हे आहे, हे माहीत नाही. सरकारी डिप्लोमा असल्यानं फीही सरकारी, खासगी अकादमीसारखी लाखांत मोजायची नाही. बेळगावातून रात्री राणी चन्नम्मा धरली की सकाळी बेंगळुरू. भाषेची भीती घालू नका तिला. निपाणीच्या शाळेत कन्नड विषय शिकली असेलच, उरलेलं हॉस्टेलमध्ये सहा महिन्यांत येतं. माझा भाचा हुबळीला गेला तेव्हा ‘ऊट आयतू’ (जेवण झालं) एवढंच येत होतं त्याला. आता कन्नडमध्ये भांडतो.

दुसरं दार पुण्याची एफटीआयआय, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया. १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. प्रभात मुळात आपल्या शेजारच्या कोल्हापूरची, १९२९ सालची. ती पुण्याला गेली १९३३ मध्ये. पण ताई, तिथल्या साउंडच्या मुख्य कोर्सला आधी पदवी लागते आणि बारावीला फिजिक्स असावं लागतं. म्हणजे तिचं सायन्स वाया गेलेलं नाही, उलट तेच कामाला येणार आहे. निपाणीतच बी. एस्सी. करून मग पुण्याची प्रवेश परीक्षा द्यायची हा एक मार्ग. पीयूसीनंतर लगेच निघायचं असेल तर हेसरघट्टा. मला विचाराल तर मी हेसरघट्ट्याचा फॉर्म आधी भरीन. पदवीची तीन वर्षं आणि पुण्याच्या परीक्षेची वाट यात घरचे तिचं लग्न ठरवून मोकळे होतील. राग मानू नका, मी लग्नंच शूट करत आलोय.

आता मदतीचं. तुमच्या पत्रातला पहिलाच शब्द महत्त्वाचा आहे: विड्या. केंद्राच्या कामगार मंत्रालयाची एक शिष्यवृत्ती आहे, विडी कामगार, सिने कामगार आणि काही खाणींतल्या कामगारांच्या मुलांसाठी. एकाच अर्जावर विडीवाला आणि सिनेमावाला शेजारी शेजारी छापलेत. विडी कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा १९७६ चा आणि सिने कामगारांचा १९८१ चा, त्यातून हे आलं. पहिलीपासून वरच्या शिक्षणापर्यंत, इयत्तेप्रमाणे वर्षाला १,००० पासून २५,००० रुपयांपर्यंत मिळतात. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर होतो. अट अशी की तुमच्याकडे विडी कामगाराचं ओळखपत्र हवं, किमान सहा महिन्यांचं काम हवं, आणि घरचं उत्पन्न ठरावीक मर्यादेत हवं. निपाणीत कितीतरी बायका वर्षानुवर्षं विड्या वळतात आणि कार्ड मात्र काढलेलं नसतं, कारण पानं आणि तंबाखू दुसरीच्या नावानं येते. तुमचं तसं असेल तर आधी स्वतःचं कार्ड करून घ्या. मुलीच्या फॉर्मच्या आधी तुमचा फॉर्म. आणि बघा, उद्या ती खरोखर सिने कामगार झाली तर तिच्या पोरांचा अर्ज याच कागदावर जाईल, फक्त टिक दुसऱ्या चौकोनात पडेल.

यातला एक फास आधीच सांगतो. एका वर्षी एकच सरकारी शिष्यवृत्ती घेता येते. राज्याच्या एसएसपी पोर्टलवरची जातीच्या किंवा मागास प्रवर्गाच्या दाखल्यावरची शिष्यवृत्ती आणि ही विडीची, दोन्हींचा आकडा शेजारी ठेवा आणि मोठी निवडा. दोन्हीकडे भरून बसलात तर दोन्हीकडचं अडकतं. आणि मुलीच्या नावाचं स्पेलिंग. मार्क्स कार्डावर इंग्रजी एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं, हा आपल्या भागाचा रोग आहे. मराठी नाव शाळेत कन्नडमधून इंग्रजीत जातं आणि वाटेत एखादं अक्षर गळतं. ते आत्ताच, सुट्टीत, दुरुस्त करा. खातं आधारशी नुसतं जोडून भागत नाही, थेट लाभासाठी सीड झालंय का असं बँकेत स्पष्ट शब्दांत विचारा. बँकवाले ‘झालंय की’ म्हणतील. पावती मागा.

हॉस्टेल, रेकॉर्डर, हेडफोन यांना तरी पैसे लागणारच. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला चार लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारण न ठेवता मिळतं, विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करता येतो. पण कर्ज हे कर्ज. शेवटचा पर्याय म्हणून ठेवा.

येळ्ळूरहून एक वाचक: महाराष्ट्र सरकार मराठी सिनेमाला अनुदान देतं. आम्ही सीमाभागातले, मराठीच. मी एक लघुपट केलाय, आता मोठं काही करायचं आहे. आम्हाला ते अनुदान शिकण्यासाठी मिळेल का? कर्नाटकाकडे मागायला मन होत नाही.

मन होत नाही हे मला समजतं. माझ्या घरातही त्या विषयावर जेवणाची ताटं थंड झालीत. पण अनुदान मागताना मन नाही, रहिवासी दाखला बघतात.

महाराष्ट्राचं ते अनुदान मराठी चित्रपट पूर्ण झाल्यावर मिळतं. सेन्सॉरचं प्रमाणपत्र झालेला चित्रपट निर्मात्यानं सादर करायचा, समिती बघते, ‘अ’ किंवा ‘ब’ दर्जा ठरवते, त्यावर रक्कम. शिकणाऱ्याचा त्यात काही संबंध नाही. कर्नाटकाचं चित्रपट अनुदानही असंच, झालेल्या चित्रपटाला. तेव्हा सिनेमाचं अनुदान आणि सिनेमा शिकायचं अनुदान ही दोन वेगळी कपाटं आहेत, किल्ल्याही वेगळ्या.

तरी महाराष्ट्राकडून सीमाभागाला एक खरी गोष्ट मिळते, ती बघ. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून जो दावा आहे त्यातल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातल्या तांत्रिक शिक्षणाच्या प्रवेशात वेगळा उमेदवार वर्ग आहे. फॉर्मवर ‘महाराष्ट्र-कर्नाटक सीमा’ असा रकाना येतो. गाव त्या यादीत असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन दाखले लागतात. येळ्ळूर त्या यादीत नसेल तर मी मिशी काढीन. सिनेमाला याचा काय उपयोग म्हणशील, तर तांत्रिक शिक्षणाच्या संस्थेत पदविका-पदवीला जायचं असेल आणि तिथून या धंद्याच्या तांत्रिक बाजूला यायचं असेल, तर. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात पोरं दाखल्यासाठी धावतात आणि तारीख हुकते. आत्ता काढून ठेव.

केंद्राच्या योजनांना मात्र तू मराठी की कन्नड याचं काही देणंघेणं नसतं. एफटीआयआयचे छोटे कोर्स देशभर होतात, २०१७ पासून. आणि लघुपट केलायस म्हणतोस, वय पस्तिसाच्या आत असेल तर तुझ्यासाठी गोवा आहे. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून पणजीत भरतो, आणि त्यात २०२१ पासून माहिती-प्रसारण मंत्रालय तरुणांची निवड करतं. दिग्दर्शन, पटकथा, छायालेखन, संकलन, ध्वनी असे वेगवेगळे विभाग. निवडलेल्यांना मोठ्या माणसांचे वर्ग मिळतात आणि गट करून अठ्ठेचाळीस तासांत एक लघुपट करायचा असतो. ईशान्येकडची पोरं विमानानं येतात त्यासाठी. आपल्याला चोर्ला घाट उतरला की झालं, आणि आपल्याकडून अर्ज किती जातात? मला आजवर एकानंही तो फॉर्म भरायला आणून दिलेला नाही.

उचगावहून एक व्हिडिओग्राफर: पंधरा वर्षं लग्नं शूट करतोय. कसला कोर्स नाही, प्रमाणपत्र नाही. आता गिऱ्हाईक ड्रोन मागतं. बँकेत गेलो तर शिक्षण काय विचारतात. सबसिडी मिळेल का?

तुझं पत्र वाचून मला आरशात बघितल्यासारखं झालं.

प्रमाणपत्राचं आधी. तुला कोर्स करायची गरज नाही. आधी कमावलेल्या कौशल्याची मान्यता अशी कौशल्य योजनेतच एक वाट आहे, आरपीएल म्हणतात. थोड्या तासांची उजळणी, मग परीक्षा. मी वयाच्या पन्नाशीनंतर दिली. परीक्षक माझ्या मुलाच्या वयाचा. त्यानं मला व्हाइट बॅलन्स म्हणजे काय विचारलं, मी त्याला विचारलं, दुपारी चारला मांडवाच्या पिवळ्या कापडाखाली तू काय ठेवशील? दोघंही पास झालो. तेव्हाच्या नियमाप्रमाणे खात्यावर पाचशे रुपयेही आले, त्याचा कुंदा आणला. बँकेच्या साहेबाला तो कागद पुरतो.

ड्रोनचं मात्र सबसिडीच्या आधी नियमाचं बघ. २०२१ च्या नियमांप्रमाणे अडीचशे ग्रॅमपर्यंतचा नॅनो धरतात, त्याला वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही. त्यावरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर नोंदणी हवी आणि डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी खात्यानं, मान्यता दिलेल्या शाळेतून रिमोट पायलटचं प्रमाणपत्र हवं. दहावी पास आणि अठरा पूर्ण एवढं असलं की त्या शाळेत घेतात. प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. आणि बेळगावात सांबऱ्याला विमानतळ, हवाई दलाचं केंद्र, शहरात लष्कराचा कँप. डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर जागा लाल रंगात नाही ना, हे बघितल्याशिवाय उडवायचं नाही. वरात कँपातून जात असेल तर गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हण. ड्रोन जप्त झाला की वरातीतलं कोणी सोडवायला येत नाही.

पैसा. मुद्रा हे कर्ज आहे, लोक त्यालाच सबसिडी म्हणतात. पन्नास हजारांपर्यंत शिशु, पाच लाखांपर्यंत किशोर, तारण नाही. परतफेड पूर्ण करायची. खरी सबसिडी पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात: ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्पाच्या २५ टक्के, महिला, मागासवर्गीय, अल्पसंख्याक, माजी सैनिक यांना ३५ टक्के. पण ती नव्या उद्योगाला. तुझा पंधरा वर्षांचा चालू धंदा त्यात बसत नाही. घरच्या वहिनींच्या नावानं वेगळा एडिटिंगचा धंदा काढायचा विचार तुझ्या डोक्यात येईल. त्या खरोखर बसणार असतील, शिकणार असतील, तर जरूर. नुसती सही घेणार असशील तर तीन वर्षं सबसिडी बँकेतच ठेवीत राहते आणि मध्ये बघायला माणूस येतो. तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून ‘मला काही ठाऊक नाही’ म्हणाल्या की संपलं. शेजारच्या एका गावात हे झालेलं आहे.

टिळकवाडीतून एक पदवीधर वाचक: मला कर्नाटक सरकारच्या युवानिधीचे, म्हणजे बेरोजगार भत्त्याचे, महिना तीन हजार मिळतात. एका स्टुडिओत अप्रेंटिस घेतायत. गेले तर युवानिधी बंद होईल का?

होईल, अप्रेंटिसचं विद्यावेतन घेणाऱ्याला युवानिधी नाही. तरीही जा. युवानिधी दोन वर्षांत संपणारच आहे. फक्त स्टुडिओवाला तुम्हाला सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर करार करून घेतोय की नुसतं तोंडी ‘अप्रेंटिस’ म्हणतोय, हे बघा. करार झाला तर विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतं. म्हणजे तुम्हाला कागदावर घेण्यात त्याचाच फायदा आहे. हे त्याला माहीत नसेल तर तुम्ही सांगा. तोंडी अप्रेंटिस म्हणजे चहा आणणे आणि केबल गुंडाळणे. केबल गुंडाळायलाही शिकावं लागतं म्हणा, पण त्याला दोन वर्षं लागत नाहीत.

सांबऱ्याहून, आठवीतला एक मुलगा (पोस्टकार्ड, पेन्सिलीनं): काका मला कॅमेरामन व्हायचं आहे. मला आत्ता अनुदान मिळेल का?

नाही रे बाळा. अठरा व्हायला तुला अजून चार-पाच वर्षं आहेत. पण माझी एम-सेव्हन दुकानाच्या माळ्यावर आहे. चालत नाही, पण वजन तेवढंच आहे. एखाद्या रविवारी वडिलांबरोबर शहापूरला ये. खांद्यावर घेऊन सात फेऱ्यांएवढा वेळ न हलता उभा राहिलास तर तुझ्या पोस्टकार्डाला पुढच्या अंकात मी सविस्तर उत्तर देतो.